डावं तपासा, उजवं मोजा

२२ मार्च

ताई,

सात नंबरच्या पेटीच्या झाकणात, सामानाच्या यादीमागे हे पाकीट सापडेल. नेहमीसारखं. फक्त या वेळी कस्टमवाल्याने यादी ताडून बघताना ते उचललं आणि विचारलं, "हे कुठे लिहिलंय?" म्हटलं, बहिणीला पत्र आहे. तो म्हणाला, "मग यादीत लिहा." तेव्हा आता ओळ एक्केचाळीस वाच : कागद, वैयक्तिक, एक नग. तुझा धाकटा भाऊ सरकारदरबारी निर्यातदार झाला!

शर्यत ठीक झाली. पहिल्या गाडीवरचा सरदार सातवा आला. (चालतो सरदारासारखा, पण गाडीतून उतरल्यावर मान धरून बसला होता.) इथला ट्रॅक उलटा आहे, सगळी मोठी वळणं डावीकडे. ड्रायव्हरांची मान वर्षभर एका बाजूने तयार झालेली असते, इथे दुसऱ्या बाजूने ओढली जाते. दुसऱ्या गाडीवरची छोटी नववी आली आणि उतरल्या उतरल्या म्हणाली, "काका, माझं डोकं उजव्या खांद्यावर शिवून टाका, म्हणजे हलणार नाही." तिला हसू येतं, हे बरं आहे.

माझ्याकडचं पुढचं उजवं चाक व्यवस्थित. नट घट्ट केला की त्यावरून पिवळ्या रंगाची रेघ, नटावरून खालच्या धातूपर्यंत सरळ. नट हलला तर रेघ तुटते आणि लांबून दिसते. शनिवारी दोन्ही गाड्यांचे मिळून चाळीस नट रेघले. माझ्या बोटांना बारा महिने हळद लागल्यासारखी दिसते, लग्न मात्र काही होत नाही, असं बाबा म्हणतील.

पेट्या दोन दिवस उशिरा पोचतील. मालवाहू विमानात जागा नव्हती. तुझ्या नाकी नऊ येणार, मला माहीत आहे. तिथे भांडारात बसून उंटावरून शेळ्या हाकतेस असं मी म्हणतो ते चेष्टेने, एवढं लक्षात ठेव.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. आई गेली तेव्हा फोनवर आपण जे बोललो ते अजून माझ्या कानात आहे. कागदावर निदान तू माझं वाक्य पुरं होऊ देतेस.

— बारक्या


२ एप्रिल

बारक्या,

वाक्य पुरं होऊ देते कारण कागदाला तोंड नाही. असतं तर तुझ्या अक्षराबद्दल त्यानेच चार शब्द सुनावले असते.

पेट्या काल दुपारी आल्या आणि आज चारला ट्रक निघतोय. तीन दिवसांचं काम एका दिवसात. दोनशे बारा भाग मोजायचे, धुवायचे, प्रत्येकाच्या कार्डावर किती किलोमीटर पळाला ते चढवायचं, आणि भेगा तपासून, शिक्का मारून पुन्हा पेटीत, फोममधल्या आपापल्या खळग्यात. खळगा रिकामा राहिला तर ओरडून सांगतो, काहीतरी विसरलं म्हणून. तेवढं एक बरं आहे, फोमला तरी माझी दया येते.

त्यातच विम्याचा माणूस टपकला. वरातीमागून घोडं. त्याला सगळं समजावून सांगावं लागलं : हा लाल द्रव भागावर लावायचा, वीस मिनिटं थांबायचं, पुसायचा, वर पांढरी पूड फवारायची. भेग असेल तर आत शिरलेला लाल रंग बाहेर येतो आणि पांढऱ्यावर केसाएवढी रेघ उमटते. मग तो विचारतो, "प्रत्येक भागाला एवढा वेळ?" मी त्याला आमच्या जुन्या भांडारप्रमुख नानांचं वाक्य ऐकवलं. आठवतं ना? मला भांडारात घेतलं त्या पहिल्या दिवशी नानांनी खडूने फळीवर लिहून ठेवलं होतं, "डावं तपासा, उजवं मोजा." ट्रॅक उजवीकडे वळतात, सगळा भार डाव्या चाकावर पडतो, भेगा डावीकडे जातात. वेळ कमी असला की डाव्या भागांना लाल रंग, उजवे नुसते मोजायचे आणि हात फिरवायचा. एकोणीस वर्षांत उजव्या बाजूला एकही भेग सापडली नाही. तो माणूस माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मीच ते वाक्य शोधून काढलंय.

सगळे शिक्के मारून झाले. तुझ्या उजव्या आर्मवरही. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा तो दांडा म्हणजे तुझं मूलच आहे, तेव्हा वेगळं सांगते : ठीक आहे, घे.

बाबा रोज विचारतात, "पेटी आली का?" तू आलास का, असं विचारत नाहीत. त्यांना आता तू आणि पेटी एकच वाटता.

— ताई


१३ एप्रिल

ताई,

तुला बातमी कळलीच असेल. तरी माझ्या हातचं लिहितो.

एकोणिसाव्या फेरीत, सगळ्यात वेगवान वळणावर, सरदारच्या गाडीचं पुढचं उजवं चाक आत दुमडलं आणि गाडी सरळ भिंतीत गेली. त्याचे दोन्ही पाय मोडले आहेत. मार डोक्यालाही आहे, म्हणून डॉक्टरांनी झोपवून ठेवलंय. जीव वाचेल म्हणतात. पायांबद्दल कोणी काही म्हणत नाही.

भिंतीपाशी मी धावत पोचलो. इतकी वर्षं गाड्या मोडलेल्या बघितल्या, पण त्या चाकाला माझा हात लागलेला होता.

आज चौकशी झाली. मोडतोडीत आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा नट सापडत नाही. आमच्या टीमच्या प्रमुख मॅडमनी सरळ विचारलं, "शनिवारी आर्म बसवलास, त्या नटावर रेघ मारली होतीस?" मी म्हटलं, आठवत नाही. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच म्हटलं. मला गाडीवरून काढून सामान बांधायला लावलंय. मॅडम हे बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या, तेवढी त्यांची माणुसकी.

मोडक्या गाडीचं सामान तपासनिसांनी अडवून ठेवलंय. सोडलं की सात नंबरमधून पाठवतो.

बाबांना सांगू नकोस.

— बारक्या


१७ एप्रिल

बारक्या,

चार दिवस लिहायचं टाळलं, कारण लिहिलं असतं तर फोनवर बोलले होते तसंच लिहिलं असतं. आता थोडी शांत आहे. थोडीच.

आठवत नाही म्हणजे काय? जेवलास की नाही हे आठवलं नाही तर चालतं. रेघ मारायला किती वेळ लागतो? दोन सेकंद? तुझ्या बोटांची हळद मिरवत होतास ना? इथे भांडारात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, घरात कोणी गेल्यासारखे. काल चहाच्या वेळी दोघी गप्प झाल्या मी गेल्यावर. आपलेच दात, आपलेच ओठ, कोणाला काय सांगू? मोठे इंजिनिअर स्वतः खाली येऊन म्हणाले, "तुमचा भाऊ चांगला माणूस आहे, हो." होता, असं म्हणायचं त्यांनी टाळलं.

सरदारची आई रोज फोन करते म्हणे ऑफिसात. पायाचं काय, विचारते. तिला उत्तर कोण देणार? तू देणार?

आई आजारी होती तेव्हाही तू म्हणालास, आठवलं नाही, शर्यतीच्या गडबडीत राहून गेलं. तुझं आठवायचं यंत्र नेमकं मोक्याच्या वेळी बंद पडतं. मी तुला वाढवलंय, बारक्या. तुझ्या बुटांच्या नाड्या मी बांधल्यात. गाठ मारल्यावर ओढून बघायची, हे मीच शिकवलं होतं.

हे वाचून तुला लागेल. लागू दे. पण जेव वेळेवर.

बाबांना सांगितलेलं नाही. तू बढती मिळून सामानाचा मुख्य झालास असं सांगितलंय. फार खूश आहेत.

— ताई


२१ एप्रिल

ताई,

तुझं पत्र पोचलं. जे लिहिलंस ते बरोबर आहे. आईच्या वेळचंही.

जास्त लिहीत नाही. रविवारी पुढची शर्यत, इथेच, याच ट्रॅकवर. सरदारची गाडी नाही, छोटी एकटीच उतरणार. मोडकं सामान सुटलं, ते या पेटीत येतंय. खळगे तुला ओळखू येणार नाहीत इतके तुकडे आहेत.

इथे कामाला वेळ पुष्कळ आहे. सकाळी कोणी नव्हतं तेव्हा टॉर्च घेऊन छोटीच्या गाडीचा उजवा आर्म पाहिला, नखाने चाचपला. काही दिसलं नाही. बरं वाटलं. एखादाच निसटतो, हे माणसाच्या हातून होतंच.

तू भांडारातलं काम नीट कर आणि कोणी हळू बोललं तर बोलू दे. चूक माझी आहे, तुझी नाही. हे मी सगळ्यांना सांगितलंय.

बाबांना बढतीचे पेढे तूच दे.

— बारक्या


२५ एप्रिल

बारक्या,

हे टपालाने पाठवतेय. पेटीला माझा हात आता लागायचा नाही.

काल फोनवर मी तुला जेमतेम सात-आठ शब्द बोलले आणि ठेवला. म्हणून आधी काय झालं ते आता सांगते.

काल सकाळी पेटी आली. तुझं पत्र आधी वाचलं. वाचून चिडलेच. मग पुन्हा वाचलं. नट ढिला राहिला म्हणतोस, आणि टॉर्च घेऊन बघतोस आर्म? नखाने चाचपतोस? आणि "एखादाच निसटतो" म्हणजे काय निसटतो? कोणाच्या हातून?

मी उजव्या आर्मचे तुकडे काढले आणि त्याच्या खळग्यात एकेक लावत गेले. तीन तुकडे बसले. चाकाकडच्या टोकाशी चार बोटांएवढी जागा रिकामी राहिली. यादीत तीनच तुकडे लिहिलेले होते, तुझ्याच अक्षरात. तू आयुष्यात कधी खिळा हरवला नाहीस, बारक्या. चार बोटांचा तुकडा तू हरवणार?

मग मी मार्चच्या शर्यतीची कार्डं काढली. उगीचच. आणि त्यासोबत तुझं मार्चमधलं पत्र. "इथला ट्रॅक उलटा आहे, सगळी मोठी वळणं डावीकडे." छोटीचं डोकं उजव्या खांद्यावर. हे मी वाचलं होतं, हसले होते, बाबांनाही वाचून दाखवलं होतं. भार उजव्या चाकावर पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला एकोणीस वर्षांच्या सवयीने कळलं नाही. डावं तपासलं, उजवं मोजलं.

त्याच शर्यतीत पळालेला छोटीचा जुना उजवा आर्म फळीवर होता, शिक्का मारून सुटा ठेवलेला. लाल रंग लावला. वीस मिनिटं थांबायचं असतं. मी स्टुलावर बसून राहिले. नानांच्या फळीसमोर. पुसलं, पूड मारली. वेल्डच्या कडेने लाल रेघ आली, माझ्या करंगळीच्या नखाएवढी. बारक्या, मला वाटलं माझ्याच अंगावर कोणी ती काढतंय. पुडीचा डबा हातातून सुटला.

आता तिच्या गाडीत आहे त्या आर्मचं कार्ड काढलं. तोही त्याच उलट्या ट्रॅकवर पळालेला, तिथल्या शुक्रवारच्या सरावात. तोही माझ्याच शिक्क्याचा. आणि रविवारी ती दोनशेच्या वेगाने त्याच्यावर बसणार.

तेव्हा फोन उचलला. तीन वर्षांनी. तू "ताई?" म्हणालास आणि मला आईच आठवली, पण मी म्हटलं, "छोटीला गाडीत बसू देऊ नकोस. उजवा आर्म."

मग वर गेले आणि मोठ्या इंजिनिअरना सगळं सांगितलं. लिहूनही दिलं. त्यांनी माझा शिक्का मागून घेतला. चौकशी संपेपर्यंत घरी बसायचंय. त्यांनी पाणी दिलं, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता तुझ्याबद्दल. तू तो तुकडा बघितलास, तुला कळलं, आणि तू माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतलंस. मी तुला काय काय लिहिलं, आणि तू "बरोबर आहे" म्हणालास. रात्रभर मी ते वाक्य डोक्यात घोळवतेय. तुला मिठी मारावीशी वाटते आणि कानाखाली वाजवावीशीही वाटते. मला वाचवायला निघालास, आणि ती पोरगी दोन दिवस त्या आर्मवर पळाली! तू तोंड उघडलं असतंस तर त्याच दिवशी मी सगळे उजवे भाग रंगवले असते. तुझ्या गप्प बसण्याला मी माया म्हणू की आणखी काय?

तो तुकडा कुठे आहे? दे त्यांना. तू स्वतः दे.

— ताई


३ मे

ताई,

तुकडा दिला. तुझा फोन ठेवला आणि त्याच पावली दिला. माझ्या हत्यारांच्या पेटीत, पुसायच्या फडक्यात गुंडाळलेला होता.

छोटी तेव्हा हेल्मेट घालून गाडीपाशी उभी होती. मी धावत जाऊन मध्ये उभा राहिलो. मॅडम ओरडल्या, "सामान बांधायचं सोडून इथे काय?" मी फडकं उघडून तुकडा, नटासकट, त्यांच्या हातात ठेवला. त्यांना सांगायला लागलं नाही. तुटलेल्या टोकाचा अर्धा भाग चकचकीत, अर्धा काळा. चकचकीत म्हणजे आत्ता तुटलेला. काळा म्हणजे भेग जुनी, आर्म इथे येण्याआधीची. भिंतीपाशी तो तुकडा उचलला तेव्हा मलाही एका नजरेत कळलं होतं. शिक्का कोणाचा तेही. तुझं वय, बाबांची औषधं, नानांच्या फळीवरची अक्षरं तू रोज खडूने गिरवतेस ते, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि हात आपोआप खिशात गेला. मला वाटलं एखादाच आर्म तुझ्या नजरेतून सुटला असेल. ट्रॅक उलटा होता हे मीच तुला लिहिलं होतं, आणि मलाही ते सुचलं नाही.

तुझ्याप्रमाणेच इथेही लाल रंग लावला. छोटीच्या आर्मवर रेघ निघाली, तू पाहिलीस तिच्या दुप्पट. ती हेल्मेट काढून बघत राहिली. हसली नाही. मग मला म्हणाली, "काका, मी काल त्याच वळणावर ब्रेक उशिरा मारला होता, मजा म्हणून." एवढंच. आणि लांब जाऊन बसली.

मॅडमनी मला सांगितलं, "कोणासाठी खोटं बोललास ते कळतं मला. पण तुझ्या खोट्यावर मी या मुलीला दोन दिवस पळवलं." मला काढून टाकलंय. बरोबर केलं.

परतीचं तिकीट हातात होतं, तरी आधी इस्पितळात गेलो. सरदारला आता शुद्ध आहे. एक पाय राहील, दुसऱ्याचं ठरत नाही. मी दारात उभा. त्याने ओळखलं, खुणेने बोलावलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "रेघ मारली होतीस तू."

मी खुर्ची ओढून बसलो.

"मी गाडीत बसताना रोज बघतो. चारही चाकांच्या रेघा. पिवळ्या, सरळ असल्या की बसतो. त्या दिवशीही होत्या. शुद्धीवर आल्यावर इथे सगळे सांगतात, नट ढिला होता. मी म्हणतोय, नव्हता. माझं कोणी ऐकत नाही, डोक्याला मार आहे म्हणून. तू 'आठवत नाही' असं का म्हणालास?"

ताई, पंधरा वर्षांत मला कोणी एवढं मोठं प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं, आणि ते घ्यायला मला तोंड नव्हतं. मी सगळं सांगितलं. तुझं, माझं, तुकड्याचं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पाय माझे होते. आणि काय सांगायचं, काय लपवायचं, ते तुम्ही भावंडांनी ठरवलंत." आणि तोंड भिंतीकडे केलं.

नर्स जा म्हणाली तेव्हा उठलो. दारापर्यंत गेलो तर त्याने मागून विचारलं, "तुझी बहीण लिहिते चांगलं, नाही का? पेटीतून पत्रं येतात, माहीत आहे मला." मी हो म्हटलं. तो म्हणाला, "तिला सांग, मला पत्र नको. इथे येऊन सांगू दे. माझ्यासमोर."

त्याच्या आवाजात राग होता की काय होतं, मला नाही सांगता येणार. पण ये म्हणाला आहे.

मी तिकीट परत केलं. इस्पितळासमोरच एक खोली घेतलीय, खिडकीतून त्याचा मजला दिसतो. बाबांना दोन दिवस शेजारच्या काकूंकडे सोड. त्यांना खरं काय ते सांग आता, बढतीबिढती पुरे. येताना तुझ्याकडचा तो आर्म आण, लाल रेघेचा. माझा तुकडा मॅडमकडे आहे, तो मागून घेतो. दोन्ही त्याच्यासमोर ठेवू.

पुढच्या आठवड्यात, मंगळवारी, सकाळी दहाला मी फोन करीन. मला घाबरायला होतंय, तुलाही होईल. भांडण झालं तरी चालेल, पण उचल. आणि कोणत्या गाडीने येतेस ते सांग, मी स्टेशनवर असेन.

— बारक्या